भट्टीवरची नानकटाई

बिस्किटांचा डबा ज्याच्या फडताळांत नाहीं असें घर आमच्या वाचकांत आज शोधूनही सांपडणार नाहीं. सकाळच्या चहाबरोबर खारी, मुलें शाळेंतून आलीं कीं बिस्किटें, आजाऱ्यास टोस्ट. हें सारें आतां अंगवळणीं पडलें आहे. पण याच बिस्किटानें एके काळीं पुण्यांतील मोठमोठ्या घरांस हादरा दिला होता. ऑक्टोबर १८९० मध्यें पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली. चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आणलीं, आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळक व न्यायमूर्ति रानडे हे दोघेही त्या यादींत होते. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. ती हकीकत रमाबाईंनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे. वाद दिसावयास बिस्किटाचा होता. खरा प्रश्न, भटजी घरीं येणार कीं नाहीं आणि लेकीबाळींना माहेरीं पाऊल टाकतां येणार कीं नाहीं, हा होता.

त्या भीतीचा शेवटचा धागा अजून कोठें कोठें शिल्लक आहे. आमच्या घरीं आत्याबाई आहेत. वय ऐंशींच्या पुढें. विटाळचंडाळाच्या कल्पना त्यांनीं केव्हांच सोडून दिल्या, पण बेकरीचा पदार्थ त्या तोंडांत घालीत नाहींत. कारण विचारलें तर एकच उत्तर: “त्यांत तूप म्हणून काय ओततात, तें कोणीं पाहिलें आहे?” तेव्हां गेल्या महिन्यांत आम्हीं ठरविलें कीं, आत्याबाईंना घेऊन जावें आणि तें एकदां पाहूनच यावें.

अंबरनाथ पूर्वेस स्टेशनाकडून शिवमंदिराच्या बाजूस निघालें, म्हणजे आंतल्या एका गल्लींत ही लहानशी बेकरी लागते. (मंदिर शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें, शिलाहारांच्या वेळचें; परगांवच्या वाचकांनीं दोन्ही कामें एका फेरींत करावीं.) पुढें दोन हात रुंदीचें दुकान, कांचेच्या बरण्या, आणि मागें भट्टी. विटांची, घुमटाच्या आकाराची, लांकडावर पेटणारी. पहांटे पाव निघतात. मग भट्टीचा कडकपणा उतरूं लागला कीं खारी, आणि अगदीं शेवटीं, मंद आंचेवर, नानकटाई. लांब दांड्याच्या फावड्यानें पत्रे आंत सरकविणारा कारागीर घड्याळाकडे पाहत नाहीं, वासावरून ओळखतो.

मालकांनीं बरण्यांतून एकेक पदार्थ काढून आमच्या पुढें ठेविला. खारी हलकी, पदर सुटे. जिऱ्याचें बिस्किट खमंग, पण मीठ जरा पुढें आलेलें. नारळाचें बिस्किट मुलांनीं आमच्यापर्यंत येऊंच दिलें नाहीं. टोस्ट चांगला कडक होता. बिस्किट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘दोनदां भाजलेलें’ असा आहे. तो अर्थ आपल्याकडे खरा राखला तो या टोस्टानें, कारण पाव कापून तो पुन्हां भट्टींत जातो. नानकटाई मात्र तोंडांत विरघळली खरी, पण मागें टाळूवर एक मेणचट थर राहिला.

आत्याबाईंनीं कांहीं न खातांच तो थर ओळखला. “डालडा ना हो?” त्यांनीं विचारलें. मालक हंसले. “डालडा नव्हे आजी, पण त्याचाच भाऊबंद. तुपाची केली तर गिऱ्हाईक भाव ऐकूनच परत जाईल.”

येथें आत्याबाईंच्या बाजूनें दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. डालडा बाजारांत आला १९३७ सालीं. तेलांत हायड्रोजन मिसळून तें गोठविलें कीं तुपासारखें रवाळ दिसतें, टिकतें आणि स्वस्त पडतें. पण हें गोठविणें अर्धवट राहिलें तर त्यांत जो ‘ट्रान्स’ जातीचा स्निग्धांश उत्पन्न होतो, तो हृदयास घातक ठरला. आपल्या सरकारनें जानेवारी २०२२ पासून त्याची मर्यादा स्निग्धांशाच्या शेंकडा २ वर आणून ठेविली. घरांतील अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या बायका नाक मुरडीत होत्या, आणि शिकलेले आम्ही त्यांस सोंवळ्या म्हणून हंसत होतों!

मग मालकांनींच जुनी गोष्ट काढली. त्यांच्या वडिलांच्या वेळीं दिवाळीच्या आधीं पंधरा दिवस दुकानापुढें डब्यांची रांग लागे. घरचा मैदा, घरचें तूप, घरची साखर. बेकरीनें फक्त मळून, भाजून द्यावयाचें आणि मजुरी घ्यावयाची. पुष्कळ वाचकांस हे पत्र्याचे डबे आठवत असतील. आपला डबा दुसऱ्याच्या डब्याशीं बदलूं नये म्हणून झांकणावर खडूनें नांव लिहून घरांतील एक मुलगा राखणीला बसविलेला असे, आणि राखण करतां करतां चार नानकटाया कमी होत. “आतां वर्षाला पांच-सहा घरें येतात,” मालक म्हणाले, “भट्टी तीच आहे.”

ती तीच किती दिवस राहील, हें सांगवत नाहीं. मुंबईंत लांकडाच्या व कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलाव्या, असें उच्च न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें फर्माविलें. धुराचा त्रास खोटा नव्हे. शेजारच्या खोलींत दम्याचा रोगी असेल त्यानें काय करावें? पण गॅसची किंवा विजेची भट्टी बसविणें या दोन हात रुंदीच्या दुकानास कसें पेलावें, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. “मुंबईचा नियम इकडेही येईल,” मालक म्हणाले, आणि पत्रे पुसूं लागले.

आत्याबाईंनीं परत निघतांना त्यांस एवढेंच विचारलें, “मी माझें तूप आणलें तर चालेल ना?”

पुढच्या मंगळवारीं आम्ही डबा घेऊन गेलों. एक किलो मैदा, पाऊण किलो घरचें तूप, तितकीच पिठीसाखर, मूठभर बारीक रवा, वेलदोडा व चिमूटभर सोडा. तूप साखरेशीं पांढरें होईपर्यंत फेंसावें, पीठ मात्र फार मळूं नये, आणि सोडा जास्त पडला तर नानकटाई पसरते, हें आत्याबाईंनीं कारागिरास बजावलें. त्यानें तें निमूटपणें ऐकून घेतलें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस करून पाहावयाचें असेल, त्यांनीं सामान आदल्या दिवशीं पोंचवावें व डब्याच्या झांकणावर नांव ठळक लिहावें. दुपारीं दोनच्या सुमारास पत्रे बाहेर येतात. आत्याबाईंनीं भट्टीसमोरच्या बांकावर बसून पहिली नानकटाई तेथेंच खाल्ली, आणि “वेलदोडा थोडा कमी झाला” असें म्हणून दुसरीला हात घातला.