सॅल्मन मासा, नदी आणि शेतकरी

दिनांक ७ ऑक्टोबर १९२२ रोजी सायंकाळी स्कॉटलंडमधील टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन ही युवती होडीतून गळ टाकून बसली होती. वल्ही तिचे वडील मारीत होते. अंधार पडण्याच्या सुमारास एक सॅल्मन गळाला लागला. सुमारे दोन तासांच्या झुंजीनंतर तो हाती आला, तेव्हा त्याचे वजन ६४ पौंड, म्हणजे सुमारे २९ किलो भरले. गळाने पकडलेल्या सॅल्मनचा हा ब्रिटनमधील विक्रम शंभर वर्षे उलटली तरी मोडलेला नाही.

आज तेथे सॅल्मनसाठी नदीवर जाणारा मनुष्य गार पाण्यात उभा राहून पिसांची कृत्रिम माशी दिवसभर प्रवाहावर फेकतो. समुद्रातून नदीत परतलेला सॅल्मन अन्न घेत नाही. त्यामुळे पुष्कळदा रिकाम्या हातानेच घरी जावे लागते. मासा लागलाच, तर दहांपैकी नऊहून अधिक वेळा तो जिवंत सोडण्यात येतो. १ एप्रिलपूर्वी पकडलेला मासा सोडणे तर कायद्यानेच बंधनकारक आहे. कारण मासे घटले आहेत. २०२३ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ब्रिटनमधील सॅल्मन संकटग्रस्त ठरविला.

गळकऱ्यांचा हा संयम प्रशंसनीय होय. परंतु तो पुरेसा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मादी नदीच्या तळाच्या खडीत अंडी घालते. खडीतून खेळणाऱ्या थंड, स्वच्छ पाण्यातूनच अंड्यांना प्राणवायू मिळतो. वरच्या अंगाच्या नांगरलेल्या शेतातून गाळ वाहून आला की खडी बुजते व अंडी गुदमरतात. काठची झाडे तुटली की उन्हाळ्यात पाणी तापते. समुद्रातील बदल, धरणे इत्यादी कारणे आहेतच. तथापि शेतीचा वाटा नाकारता येणार नाही. म्हणूनच तेथील डी नदीच्या उपनद्यांकाठी झाडे लावण्याचे काम चालू आहे.

मासे राखणे हे मत्स्य खात्याचे काम, शेतकऱ्याचा त्यात काय लाभ, असे कोणी म्हणेल. परंतु माशाला गुदमरविणारा गाळ म्हणजे शेतकऱ्याच्याच वावरातील सुपीक माती होय. ती नदीत मासा मारते आणि शेतात पीक उणे करते.

आपल्या नद्यांत सॅल्मन नाही. मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकला जाणारा रावस हा निराळाच समुद्री मासा आहे. पण सह्याद्रीच्या नद्यांतील महसीर माशालाही वाहते, निर्मळ पाणी व खडीचा तळच लागतो. लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याची पैदास अनेक वर्षे करण्यात येत आहे. मात्र पिले सोडावयाची नदीच गढूळ असेल, तर त्या श्रमांचे चीज कसे व्हावे?

तेव्हा शेतकरी बंधूंनी उताराला आडवी नांगरट करावी, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा, काठचे उंबर, करंज, वाळुंज तोडू नयेत आणि गुरांना पाणी पाजण्यास एकच उतार ठेवावा. पहिल्या पावसानंतर आपल्या ओढ्याचे पाणी ओंजळीत घेऊन पाहावे. ते गढूळ असेल, तर आपले शेत वाहून चालले आहे, हे समजावे.