फिरत्या चक्रापुढे थांबलेला शेतकरी

महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीचा उपक्रम राज्यभर सुरू केला. पूर्वी तलाठ्याने गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद करावयाची असे. आता खातेदाराने स्वतः शेतात उभे राहून, मोबाइलवरील ॲपमधून पिकाचे छायाचित्र घेऊन ती नोंद पाठवावयाची आहे. आपल्या सातबाऱ्यावरील पेरा आपणच नोंदविण्याचा अधिकार शेतकऱ्यास लाभावा, ही निःसंशय स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु अधिकार मिळणे निराळे आणि तो बजावता येणे निराळे.

उमरखेडसारख्या तालुक्यात हे अंतर ठळकपणे जाणवते. पैनगंगेच्या काठचा हा कापूस, सोयाबीन, हळद आणि उसाचा मुलूख; त्याच्या एका भागात पैनगंगा अभयारण्याचे जंगल. अशा प्रदेशात नेटवर्कचे बळ शेतागणिक बदलते. छायाचित्र मात्र त्या त्या गटातच घ्यावे लागते; शेत उचलून टॉवरखाली नेता येत नाही. पडद्यावरील चक्र फिरत राहते, आणि मध्येच संपर्क तुटून भरलेली माहिती नाहीशी झाली, तर सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. मुदतीच्या अखेरीस सर्वांची एकदम गर्दी होते, सर्व्हर मंदावतो आणि मुदत वाढविली जाते. मुदतवाढ हा दिलासा खरा. तो उपाय नव्हे.

दोष ॲपचा नसून नेटवर्कचा आहे, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो अर्धाच खरा आहे. ओढ्यास दरवर्षी पूर येतो हे ठाऊक असताना ज्याने पूल ठेंगणा बांधला, त्याला पावसाकडे बोट दाखविता येणार नाही. दुर्बळ नेटवर्कवरही सुरळीत चालणारे ॲप रचण्याची विद्या आज नवी राहिलेली नाही. मनुष्याची प्रतीक्षाशक्ती किती, याचे ठोकताळे जेकब नील्सन या तज्ज्ञाने 1993 मध्येच मांडले होते: एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांनंतर लक्ष ढळते.

त्यातून निघणारे नियम साधे आहेत. पडदा कोरा न ठेवता आधी अक्षरे दाखवावीत, चित्रे मागाहून यावीत. गटांची व पिकांची यादी एकदा आली की ती फोनमध्येच जपावी. दरवेळी नव्याने मागवू नये. छायाचित्र पाठविण्यापूर्वी आकाराने लहान करावे, कारण पीक ओळखण्यासाठी कॅमेऱ्याने टिपलेला प्रत्येक बिंदू लागत नाही. नोंद प्रथम फोनमध्ये सुरक्षित व्हावी आणि नेटवर्क लाभताच आपोआप रवाना व्हावी; मध्येच खंड पडल्यास जेथे थांबली तेथूनच पुढे जावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नोंद पोहोचली की वाटेतच आहे, हे शेतकऱ्यास स्वच्छ मराठीत कळावे.

ही केवळ सोयीची बाब आहे, असे कोणी समजू नये. करमणुकीचे ॲप रेंगाळले, तर माणूस ते बंद करून दुसरे उघडतो. येथे दुसरे ॲप नाही. सातबाऱ्यावर पेरा नसेल, तर डोलणारे पीकही कागदावर नसल्यासारखेच. पीक विमा असो वा हमीभावाची खरेदी, अशा वेळी पुरावा म्हणून त्याच नोंदीकडे बोट दाखविले जाते. चक्र फिरत राहण्यात गेलेला वेळ हा म्हणूनच शेतकऱ्याच्या हक्कातून कापलेला वेळ असतो.

तेव्हा अशा ॲपची परीक्षा मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित कक्षात, महागड्या फोनवर घेऊन भागणार नाही. ती पैनगंगेच्या काठी, भर पावसाळ्यात, स्वस्तातल्या जुन्या फोनवर आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी व्हावयास हवी. तेथे जे ॲप अडखळणार नाही, ते राज्यात कोठेही अडखळणार नाही. शासनाने शेतकऱ्याच्या हाती लेखणी दिली आहे; तिच्यातून शाई वेळेवर उतरेल, हे पाहणेही शासनाचेच कर्तव्य होय.