लिंबू चाकाखाली, ऑइल कुठेच नाही

दसऱ्याला आमच्या नगर जिल्ह्यात मोटारसायकलीची पूजा पाहिली, तर परक्या माणसाला वाटेल, हे लोक यंत्राला फार जपतात! आरशाला झेंडूचा हार, टाकीला कुंकू, चाकाखाली लिंबू. क्लचच्या वायरीला मात्र वर्षभरात ऑइलचा थेंब नाही. बरं, हा मुलूख नवशिक्यांचा म्हणावा, तर १९७२ साली आलेली कायनेटिकची लूना नगरच्याच कारखान्यातली. २०२४ साली नगरचं अहिल्यानगर झालं, पण ‘तुटेल तेव्हा बघू’ हे ब्रीद तेच राहिलं.

‘अहो, वायर ती केवढ्याची!’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. वायर स्वस्तच असते. पण ती गॅरेजसमोर तुटत नाही. ती तुटते विळद घाटात, पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या आणि मागे एस.टी. असताना. आणि पुढच्या ड्रम ब्रेकची तुटली, तर स्वस्त वायर बदलायला मालक शाबूत राहावा लागतो.

शिवाय ती अचानक तुटतच नाही. वायर म्हणजे बारीक तारांचा पिळलेला दोर. टोकाला धातूचा मणी असतो, मिस्त्री त्याला निपल म्हणतात. तो लिव्हरच्या खोबणीत फिरला पाहिजे. तिथे गंज चढला की मणी अडतो, दर दाबाला वायर त्याच जागी वाकते आणि एकेक तार तुटत जाते. क्लच जड लागतो. आपले पहिलवान काय करतात? जास्त जोराने दाबतात! काही जण वायर इतकी ताणून घेतात की लिव्हरला मोकळी चालच उरत नाही. मग क्लच घसरतो आणि शिव्या खातो मिस्त्री.

करायचं किती, तर वरचं टोक सोडवायचं, प्लास्टिकच्या पिशवीचं नरसाळं बांधायचं, पातळ ऑइल ओतायचं आणि खालून थेंब पडेपर्यंत थांबायचं. चहा होतो तेवढ्यात. निपलला बोटभर ग्रीस. तारा सुटलेल्या दिसल्या, तर ऑइलचं कौतुक नको, वायर नवीच टाकावी.

मात्र आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या काही वायरींना ऑइल वर्ज्य असतं. ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात पाहावं. पुस्तक बहुतेक घरांत अजून पिशवीतच आहे. नरसाळ्याचीही सोय झाली.