मेकॉलेने न केलेले भाषण

लॉर्ड मेकॉलेचे एक भाषण वर्षानुवर्षे मोबाइलवर फिरते आहे. भारतभर हिंडलो, एकही भिकारी वा चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धतीच बदलली पाहिजे, असा त्याचा आशय. खाली ठसठशीत नोंद: ब्रिटिश संसद, २ फेब्रुवारी १८३५. व्यासपीठावर ते हमखास टाळ्या घेते.

नववीच्या मुलांपुढे तो मजकूर ठेवून एवढेच विचारावे: त्या दिवशी हा गृहस्थ होता कुठे? कोलकात्यात. जून १८३४ मध्ये तो मद्रासला उतरला आणि १८३८ मध्ये मायदेशी परतला. मग लंडनच्या संसदेत बोलला कधी? त्या तारखेचे त्याचे शिक्षणविषयक टिपण मात्र अस्सल आहे. १९२० मध्ये सरकारनेच ते जुन्या शैक्षणिक कागदपत्रांत छापले. त्यात भारताची स्तुती औषधालाही सापडत नाही. संस्कृत-अरबी येत नसल्याची कबुली देऊन मेकॉले युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाची एक फळी भारत-अरबस्तानच्या साऱ्या वाङ्मयाच्या तोलाची ठरवतो. संताप यायचा तर या टिपणाचा यावा. बनावट भाषणाने त्याला उलट भारताचा चाहता करून ठेवले!

मेकॉले परका, म्हणून वर्गात हे खपून जाते. गाडी सिंहगडाकडे वळली की आवाज उतरतो. तानाजी मालुसरे यांच्या बलिदानानंतर कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे आपण ऐकत आलो. लढाई १६७० ची. शिवरायांच्या १६६३ च्या पत्रात मात्र सिंहगड हेच नाव आहे. याने तानाजींचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. तरी हे वर्गात सांगायला शिक्षक कचरतात. उद्या गलका झाला तर शिक्षण खाते पाठीशी उभे राहील, याची खात्री त्यांना कोणी दिली आहे?

वि. का. राजवाडे यांनी जुन्या दप्तरांसाठी गावोगाव पायपीट करून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्याच महाराष्ट्रात मुले साधनांचे भौतिक, लिखित, मौखिक असे प्रकार घोकतात. साधन एकही वाचत नाहीत. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत अस्सल पत्राचा एक अपरिचित उतारा द्यावा. कोणी लिहिले, कधी, कोणाला, आणि लिहिणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक असणे शक्य होते का, एवढे विचारावे. मोडीची अट नको, लिप्यंतर पुरे. त्याला पाच गुण ठेवले, तरी दुसऱ्या दिवसापासून क्लासवालेसुद्धा पत्रे वाचायला लावतील. मंडळाने ते येत्या परीक्षेपासूनच ठेवावेत.