पोरं रात्रीच्या गाडीत, आईबाप जागे

मेहकर तालुक्यातल्या डोणगावात बारावीचा निकाल लागला की घराघरांत पुढची बोलणी सुरू होतात. मेहकरलाच ठेवायचं, अकोल्याला धाडायचं, संभाजीनगर की थेट पुणे? फीची जुळवाजुळव कशीबशी होते. पोरगं जाणार कसं आणि येणार कसं, हा प्रश्न मात्र आईच्या मनातून हलत नाही.

लेकरू शाळेत असतं तेव्हा ही काळजी फाट्यापर्यंतची असते. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. योजना चांगलीच आहे, पण गाडी आली तर. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा खेड्यापाड्यातली मुलं खचाखच भरलेल्या काळी-पिवळीतून शाळेला जात होती. जिथे तेवढंही वाहन नव्हतं, तिथे आधी मुलींची शाळा थांबली. आईबापाच्या धास्तीची किंमत बहुतेक वेळा मुलीच मोजतात.

मग मूल मोठं होतं आणि काळजी कमी व्हायच्या ऐवजी तिचं अंतर वाढतं. आता ती फाट्यावरून रात्री सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या मागे पुण्यापर्यंत जाते. ‘पोचला की फोन कर बाबू,’ असं म्हणून बाप घरी येतो. झोप कुणालाच लागत नाही.

ही धास्ती अनाठायी आहे, असं या भागात तरी कुणी म्हणू नये. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातल्या पिंपळखुट्याजवळ दुभाजकावर आदळून उलटली आणि पेटली. कारंजाला जेवणासाठी थांबून ती मेहकर तालुक्यातूनच पुढे गेली होती. आत ३३ जण होते. त्यातले २५ गेले. शिकायला, नोकरीला निघालेली तरुण पोरं त्यात होती आणि मुलाला नागपूरला शिकायला ठेवून घरी परतणारे आईवडीलही होते. बस दाराच्याच बाजूवर पडल्यामुळे बाहेर पडायची वाट बुजली. जे वाचले, त्यांतले काही काच फोडून निघाले. देह ओळखण्यापलीकडे जळाले होते. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात २४ जणांवर एकत्र अंत्यसंस्कार झाले. स्वतःच्या लेकराची चिता कोणती, हे सांगता न येणाऱ्या आईबापांना काय वाटलं असेल, ते लिहिण्याची ताकद कुणातही नाही.

त्याआधी नऊ महिनेही झाले नव्हते. ८ ऑक्टोबर २०२२ ला यवतमाळहून मुंबईला जाणारी स्लीपर बस नाशिकजवळ पहाटे पेटली होती. १२ जणांचा जीव गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये जैसलमेर आणि कर्नूलजवळ पुन्हा तेच घडलं. दर वेळी चौकशी बसते, चालकावर गुन्हा दाखल होतो, चार दिवस गाड्या तपासल्या जातात. पुढच्या सुट्टीत तिकिटाचा दर दुप्पट झालेला असतो आणि आतली व्यवस्था होती तशीच असते.

चीनमध्ये २०११ साली अशाच एका स्लीपर बसच्या आगीत ४१ जण मेले. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने नव्या स्लीपर बसची नोंदणी बंद केली आणि लांब पल्ल्याच्या गाड्या रात्री २ ते ५ थांबवायला सांगितल्या. आपल्याकडेही कायदा नाही असं नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात सलग पाच तास गाडी चालवल्यावर किमान अर्धा तास विश्रांती होती, दिवसाला आठ तासांची मर्यादा होती; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. पण फाट्यावर उभ्या असलेल्या बापाला चालक किती तासांपासून जागा आहे, हे कळायची काहीच सोय नाही.

म्हणून हा बाप आपली काळजी पोरावरच काढतो. लोकेशन पाठव, खिडकीजवळ बसू नको, फोन बंद का होता? मुलगी असेल तर त्याहून सोपा उपाय केला जातो, पाठवायचंच नाही. यात आईबापाचं प्रेम खरं आहे, पण त्यांचा धाक चुकीच्या माणसाला बसतो. तो बसायला हवा बसमालकाला आणि गाडीला योग्यतेचा दाखला देणाऱ्या परिवहन कार्यालयाला.

डोणगावसारख्या गावांच्या ग्रामसभेत रस्ता, पाणी, घरकुल यांवर हमरीतुमरी होते. पोरांच्या गाड्यांचा विषयही तिथे यायला हवा. संध्याकाळच्या एसटीची फेरी रद्द झाली तर ठराव करून तो आगारप्रमुखांकडे द्यावा. दिवाळीच्या आणि परीक्षांच्या दिवसांत पुण्यासाठी दिवसाची जादा गाडी मागावी, म्हणजे रात्रीच्या ट्रॅव्हल्सवाचून पर्याय नाही अशी गत होणार नाही. आणि खासगी बसच्या तिकिटावर सीट नंबर छापतात, तसंच त्या रात्री चालक किती, संकटकाळी उघडायची दारं किती आणि योग्यतेचा दाखला कोणत्या तारखेपर्यंतचा, हेही छापण्याची सक्ती परिवहन विभागाने करावी. बुकिंगच्या टपरीवर पैसे मोजणाऱ्या बापाला ते तिथेच वाचता आलं पाहिजे. दुसरा चालक नसेल, तर तिकीट परत करण्याचा आणि पूर्ण पैसे मागण्याचा हक्कही त्याला मिळाला पाहिजे.