घरांत रायफल आणावी काय?

पुण्याहून पुतण्याचें पत्र आलें. "काका, बोल्टची एखादी आंखूड रायफल घ्यावी म्हणतों. सुटींत कोयनानगरास आलों कीं करमणूक होईल, जमल्यास शिकार होईल, आणि चिमीस नेमबाजीही शिकवितां येईल." चिमी त्याची चौदा वर्षांची कन्या. पत्र ऐकून आमच्या मंडळींनीं कपाळास हात लावला. मला मात्र तीन हेतूंपैकीं एक मनापासून आवडला. असा बेत इतर घरांतही चालला असेल, म्हणून उत्तर येथेंच देतों.

शिकार प्रथम निकालांत काढूं. हौसेच्या शिकारीचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संपले. कोयनेचें रान १९८५ पासून अभयारण्य असून २०१० पासून सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पांत मोडतें. करमणुकीचेंही तेंच. पॉइंट बावीसची इवलीशी गोळी किलोमीटरभराहून दूर जाते, आणि पाण्यावर वा खडकावर आपटली तर वाटेल तिकडे उसळते. शिवसागराच्या कांठीं तर पाणी आणि खडक यांवांचून दुसरें आहे काय?

राहिली चिमी. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिख येथें ५० मीटर रायफलींत जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत कांस्यपदक मिळविलें. तेव्हां चिमीची हौस पोरकट म्हणवत नाहीं. ही स्पर्धा पॉइंट बावीसच्या, दर वेळीं एकच गोळी भरावयाच्या रायफलीनें होते. बोल्टची रचना दाराच्या कडीसारखी: दांडा उचलून मागें ओढला कीं रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढें सारला कीं नवें काडतूस नळींत बसतें. शिकणाऱ्यास प्रत्येक गोळीपाशीं थांबावें लागतें. आम्हीं मुलांस कित्ता गिरवावयास लावीत असूं, तो याचसाठीं.

आतां 'आंखूड' म्हणजे काय आंखूड? पुतण्याच्या मनांत नळी आहे. मुलीस हवा आहे आंखूड दस्ता. हात कोपरांत काटकोनांत वांकवून दस्त्याचें टोंक कोपराच्या खळगींत टेकवावें. तर्जनी घोड्यापर्यंत सहज पोंचली तर माप बरोबर. बापाच्या मापाची रायफल दिली तर पोर कंबर मागें झुकवून उभी राहते आणि ती खोड पुढें जात नाहीं. पॉइंट बावीसच्या दारूस सोळा इंच नळी पुरते. त्याहून फार तोकडी घेतल्यास आवाज कानाशीं येतो, आणि डोळ्यापासून माशीचें अंतर घटल्यानें नेमांतील चूक कळत नाहीं. अगदीं हलकी रायफल उभ्यानें धरतांना थरथरते. दस्त्यास पाचरी घालून तो वाढवितां येतो. उंची वाढत्या मुलीस तेंच सोयीचें.

पण हें माप क्लबाच्या रायफलीवर घ्यावें, घरच्या नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें एकवीस वर्षें पुरीं होईपर्यंत स्वतःच्या नांवें परवाना मिळत नाहीं. तोंवर शिक्षकाच्या देखरेखीखालीं शिकावें.

माझ्या लहानपणीं आमच्या ओटीवर खुंटीला बंदूक असे. ती रिकामी आहे, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. गौरीच्या दिवशीं थोरल्या दादानें ती सहज उचलली आणि छर्रे देवघराच्या चौकटींत घुसले. आई आंत चंदन उगाळीत वांकली होती. वडिलांनीं त्याच आठवड्यांत बंदूक सरकारजमा केली. चौकट मात्र बदलली नाहीं.

पुतण्यास लिहिलें आहे कीं दिवाळींत चिमीस घेऊन यावें. रायफल आणूं नये.