‘बरं आहे’ एवढ्यावर फोन ठेवू नका

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आपल्या वस्त्यांमधून निरोपाचे सत्कार सुरू होतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. त्यामुळे सफाई कामगारांची, शेतमजुरांची, रिक्षावाल्यांची मुलेमुली लंडन-एडिंबरोला शिकायला जाऊ लागली आहेत. विहारात शाल, पुष्पगुच्छ आणि प्रत्येक वक्त्याच्या तोंडी एकच वाक्य : बाबासाहेबांसारखे शिकून या, समाजाचे नाव काढा.

वाक्य चांगलेच आहे. पण विमानतळावर बॅगा मोजतात, त्यात या वाक्याचे वजन धरत नाहीत. ते मुलाला एकट्यालाच उचलावे लागते.

तिकडे खरी परीक्षा हिवाळ्यात होते. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ-साडेनऊ झालेले असतात. कामावरून थकून आलेली आई अंथरुणाला पाठ टेकते आणि मुलाची लांबलचक संध्याकाळ तिथून पुढे सुरू होते. त्यातच पहिल्या निबंधांचे गुण हाती येतात. इथे कॉलेजात पहिली आलेली मुलगी तिथे 58 गुण पाहून हादरते. घरच्यांनाही वाटते, पोरगी घसरली. वास्तविक इंग्लंडात एम.ए., एम.एस्सी.ला साधारणपणे 50 ला उत्तीर्ण आणि 70 ला विशेष प्रावीण्य असते. हे घरात सर्वांनी समजून घ्यावे.

आमचे खरे बोलणे फोनबद्दल आहे. तिकडून मुलगा म्हणतो ‘बरं आहे’, इकडून आई म्हणते ‘बरं आहे’. वडिलांना दवाखान्यात ठेवल्याचे मुलापासून लपवले जाते, अभ्यासात व्यत्यय नको म्हणून. मग चुलतभावाच्या मोबाइलवरच्या फोटोतून त्याला ते कळते. त्यानंतर घरचे काहीही म्हणाले, तरी त्याचा विश्वास बसत नाही आणि तोही आपले दुःख सांगेनासा होतो. माता-पित्यांनी घरची खरी बातमी सांगावी, बेताने सांगावी, पण सांगावी.

‘जेवलास का?’ याच्या पुढे विचारा : कोणाबरोबर जेवलास? रात्री झोप लागते का? दोन-तीन आठवडे झोप उडाली असेल किंवा दिवसभर अंथरुणातून उठवत नसेल, वर्ग बुडत असतील, स्वयंपाक बंद पडला असेल, तर तो आळस म्हणून सोडू नका. ‘मी नसतो तरी चाललं असतं’ असे काही कानावर आले, तर जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

एक दुखणे आपल्याच मुलांचे आहे. एका घरात राहणारी इतर भारतीय मुले पूर्ण नाव विचारतात, मग शिष्यवृत्ती कोणती ते विचारतात. बाबासाहेबांचा फोटो कपाटात जातो. अशी लपवाछपवी माणसाला आतून थकवते. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 मध्ये आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने 2022 मध्ये जातीवरून भेदभावास मनाई केली. ब्रिटनने मात्र 2018 मध्ये तसा स्वतंत्र कायदा करण्यास नकार दिला. तिथल्या समुपदेशकाला जात म्हणजे काय, हे मुलालाच समजावून सांगावे लागेल. वुल्व्हरहॅम्प्टनसारख्या गावी पंजाबकडच्या आंबेडकरी कुटुंबांनी उभारलेला विहार आहे. तेथे नाव सांगताना अडखळावे लागत नाही.

अठरा तास अभ्यासाची गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो, नवल भथेनांची सांगत नाही. 1913 साली, वडील रामजी जाऊन काही महिनेच झाले असताना, बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. तेथे हा पारशी मित्र भेटला, तो जन्माचा. पुढे लंडनच्या शिक्षणात पैशाची अडचण आली, तेव्हा त्याच्याकडे मागायला बाबासाहेब संकोचले नाहीत. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. 1920 ला ते पुन्हा गेले, 1923 ला डी.एस्सी. झाले. तेव्हा एखादा मुलगा सहा महिन्यांसाठी घरी परत आला, तर वस्तीने त्याच्याकडे बोट दाखवू नये. मात्र निघण्यापूर्वी व्हिसाचे आणि शिष्यवृत्तीचे नियम विचारून घ्यावेत.

व्हिसाबरोबरच आरोग्यसेवेचे पैसे भरलेले असतात. म्हणून पोहोचताच पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडे नाव नोंदवावे. भेटीचे वेगळे पैसे पडत नाहीत. विद्यापीठातला समुपदेशक फुकट असतो आणि जिवाला धोका असल्याखेरीज संमतीशिवाय घरी कळवत नाही. इंग्लंडात 111 लावून 2 दाबले की मानसिक संकटात मदत मिळते. मनातले नुसते बोलायचे असेल तर 116 123 हा समॅरिटन्सचा फुकट नंबर. जीव धोक्यात असेल तर 999. इकडे काळजीने झोप न येणाऱ्या आईसाठीही 2022 पासून टेली-मानसचा 14416 आहे. तिथे मराठीत बोलता येते.

फोनची वेळ मात्र बदला. हिवाळ्यात रविवारी त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. तेव्हा घरात सगळी असतात, कोणी पेंगत नसते. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे जातात, त्या दिवसापासून अडीचला लावा.